माझ्या भारंभार गूळ

जन्मलो तेव्हा मी इतका बारीक होतो की सुईणीनं मला फडक्यात घेतलं आणि आईला विचारलं, "बाकीचं कुठं हाय?" ही गोष्ट आई गेली सेहेचाळीस वर्षं येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते. पूर्वी सांगताना तिच्या डोळ्यांत पाणी यायचं. अलीकडे ती गोष्ट संपवते, माझ्याकडं वरपासून खालपर्यंत बघते, आणि पाहुणे हसतात.

त्या वेळी तिनं गावच्या भैरोबाला नवस बोलला होता. ह्याला जगव, अंगानं भरू दे, ह्याच्या भारंभार गूळ वाटीन. देवानं पहिली मागणी लगेच पुरी केली. दुसरीला वेळ लावला. शाळेत असेपर्यंत मी तुराटीसारखाच होतो, आणि आई दर जत्रेला म्हणायची, "आवंदा न्हाय, अजून भरला न्हाय." मग मी कधी भरलो ते कुणाच्या लक्षात आलं नाही. पोट हे चोरपावलांनी येतं. लग्न झालं, घर बांधलं, बहीण उजवली, वडील गेले, आणि नवस राहून गेला तो गेलाच.

गेल्या दिवाळीत आईचे गुडघे धरले. उठताना दोघांनी धरावं लागायला लागलं. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी तिनं मला समोर बसवलं आणि म्हणाली, "ह्या चैताच्या जत्रंला तुझी गुळाची तुला करायची. फुडच्या जत्रंला मला देवळापतुर चालता येतंय का न्हाय, काय सांगावं. आन् वर गेल्यावर भैरोबानं इचारलं, पोरगं घेतलंस, माझा गूळ कुठं हाय, तर काय सांगू?"

आईची विनोदबुद्धी चांगली आहे, पण हे ती विनोदानं बोलत नव्हती. तिच्या हिशेबी मी गेली सेहेचाळीस वर्षं देवाकडून उसना आणलेला होतो. मी लगेच हो म्हणालो. आणि हो म्हणता म्हणता माझ्या डोळ्यांसमोर चित्र उभं राहिलं: सगळं गाव जमलंय, देवळापुढच्या लिंबाला मोठा तराजू टांगलाय, एका पारड्यात मी मांडी घालून बसलोय, आणि दुसऱ्या पारड्यात लोक ढेपांवर ढेपा चढवतायत. चढवतायत. चढवतायत.

माझं वजन चौऱ्याऐंशी होतं.

इथं माझा धंदा सांगायला हवा. इंदापूर तालुक्यातल्या आमच्या गावच्या दूध सोसायटीचा मी सेक्रेटरी. सकाळ-संध्याकाळ लोक दुधाच्या किटल्या घेऊन येतात, मी दूध काट्यावर ठेवतो, नमुना मशिनीत घालतो, फॅट काढतो आणि पावती फाडतो. वीस वर्षं हेच केलं. दुधात पाणी असेल तर मला मशीन लागत नाही. झाकण उघडलं की वासावर सांगतो. अंगठ्याच्या नखावर थेंब घेऊन त्याची धार बघितली की कितपत घातलंय तेही सांगतो. गावात माझा एवढा दरारा आहे की पाऊस पडत असला तर बाया किटलीवर पदर धरून येतात, उगाच संशय नको म्हणून.

माझ्या शब्दाला मान न देणारा गावात एकच माणूस. एक म्हातारे तात्या आहेत, त्यांची एकच म्हैस. पावती हातात पडली की ते रोज म्हणतात, "सेक्रेटरी, मशीन चुकतीया तुमची." आणि मी रोज म्हणतो, "तात्या, मशीन चुकत नाही, म्हैस चुकते. वीस वर्षं झाली मला." मग ते म्हशीला शिव्या देत जातात. हा आमचा रामराम.

असा मी दुसऱ्यांचं फॅट मोजणारा माणूस. ह्यावर गावानं केलेले विनोद तुम्हाला सुचतील तेवढे सगळे करून झालेले आहेत, त्यामुळे ते सोडून देतो.

बारामतीला एक आहाराच्या बाई आहेत, त्यांच्याकडं गेलो. त्यांनी उंची घेतली, वजन घेतलं, आणि दिवसभरात काय काय खाता ते लिहून काढायला सांगितलं. मी प्रामाणिकपणे लिहिलं. त्यांनी कागद वाचला आणि म्हणाल्या, "चहा?" चहा हा खाण्यात धरतात हे मला माहीत नव्हतं. रोजचे मोजायला गेलो तर बोटं पुरेनात. त्यांनी साखर बंद केली, तूप बंद केलं, चपाती बंद केली. दोन वेळा ज्वारीची भाकरी, पालेभाजी, आणि रोज तासभर चालणं. "तुमच्या उंचीला पंचाहत्तर बरोबर," त्या म्हणाल्या. मी मनात म्हटलं, पंचाहत्तर म्हणजे दहा किलोच्या साडेसात ढेपा. आठाच्या आत. माणूस सुटसुटीत दिसेल.

खाणं मी सोडलं. चालणं अवघड निघालं. शहरात माणूस चालताना दिसला तर तो व्यायाम करतोय असं समजतात. आमच्याकडं चालताना दिसला तर त्याची गाडी बंद पडलीय. कालव्याच्या भरावावरून पहिल्या दिवशी मी जेमतेम दोन शेतं ओलांडली असतील, तेवढ्यात मागून मोटरसायकल थांबली. "बसा सेक्रेटरी, पेट्रोल संपलं व्हय?" मी म्हटलं, चालतोय. "आवो चालताय ते दिसतंय की, बसा." त्याला वाईट वाटू नये म्हणून बसलो. त्यानं मला त्याच्या वस्तीवर नेलं, चहा पाजला, आणि सोसायटीपर्यंत परत सोडलं. दुसऱ्या दिवशी कळस गावाकडून येणाऱ्या टेम्पोनं उचललं. तिसऱ्या दिवशी एका आबांनी बैलगाडी थांबवून, आवाज खाली करून विचारलं, "घरात काय भांडानतंटा झाला का? पायीच निघालाय म्हनून इचारलं." त्या आठवड्यात मी चालायला म्हणून निघून जेवढा बसून प्रवास केला, तेवढा वर्षात केला नव्हता. शेवटी हातात किटली घेऊन चालायला लागलो. किटली हातात असली की माणूस कामाला निघालाय असं समजून लोक सोडून देतात.

एवढं करून वजन उतरलं हे मात्र खरं. संक्रांतीपर्यंत चौऱ्याऐंशीचं अठ्ठ्याहत्तर झालं. पँट सैल पडली. बायको म्हणाली, "अहो, मागून तुम्ही वेगळेच दिसता." पुढून कसा दिसतो ते ती बोलली नाही.

संक्रांतीनंतरच्या एका संध्याकाळी गूळ सांगायला गुऱ्हाळावर गेलो. होळीच्या आत गुऱ्हाळ बंद होतं, त्यामुळं चैत्राचा गूळ आधीच सांगून ठेवावा लागतो. मी ऐटीत म्हणालो, "दहा किलोच्या सात ढेपा आणि पाचाची एक."

गुऱ्हाळवाल्यानं माझ्याकडं नीट बघितलं. "एकदोन ढेपा जादा न्या की. उरल्या तर खाताल."

"नको. मापात माप. जत्रेला मी पंचाहत्तरच असणार."

घरी येऊन आईला हे मोठ्या अभिमानानं सांगितलं. ती ज्वारी निवडत बसली होती. तिचा हात थांबला.

"म्हंजी तू अजून वाळणार?"

"तीनच किलो."

"आरं, अंगानं भरू दे म्हनून नवस बोलले व्हते मी. भरलेलं लेकरू देवाला दाखवायचं सोडून तू वाळवून नेतुयास? सा किलो तर आधीच घालवलंस. ते कुनाचं व्हतं?"

"कुणाचं म्हणजे? माझं."

"देवाचं व्हतं," आई म्हणाली. "ऊस मारनारा काटा बघितला, दूध मारनारा बघितला. देवाच्या काट्यात मारनारा तूच पयला."

वीस वर्षं चोख काटा चालवलेल्या माणसाला हे ऐकून घ्यावं लागलं. मी तिला रक्तदाब सांगितला, साखर सांगितली, बारामतीच्या बाई काय म्हणाल्या ते सांगितलं. वजन काय, देव समजून घेईल असंही म्हणालो. आईनं सगळं ऐकलं आणि पुन्हा ज्वारी निवडायला घेतली. ती गप्प बसली म्हणजे मी जिंकलो असं मला लहानपणापासून वाटत आलंय. अनुभव वेगळा आहे, तरी वाटतं.

आणि त्या आठवड्यापासून वजन जे अडलं, ते अडलं. अठ्ठ्याहत्तर. मी चालणं दीड तास केलं, अठ्ठ्याहत्तर. रात्रीची भाजी बंद करून नुसत्या भाकरीवर आलो, अठ्ठ्याहत्तर पूर्णांक चार. गाडीवरून पडलेलं माणूस उठतं, पण रस्त्यात बसलेली म्हैस उठत नाही, तसे ते तीन किलो माझ्या पोटावर बसून राहिले.

घरातल्या छोट्या काट्यावर माझा विश्वास उडाला. म्हटलं, हा खोटं सांगत असेल. सोसायटीतला काटा शिक्का मारलेला, सरकारमान्य. एका दुपारी सोसायटी बंद असताना आत गेलो, कडी लावली, चपला काढल्या, बनियनवर आलो आणि दुधाच्या काट्यावर उभा राहिलो.

आता एक गोष्ट मी विसरलो होतो, आणि ती माझीच करणी होती. दूध घालणाऱ्याला आपलं वजन दिसलं पाहिजे म्हणून काट्याचा दुसरा आकडेपट मी स्वतः खिडकीबाहेर बसवून घेतला होता. कारभार कसा उघडा असावा ह्यावर त्या दिवशी भाषणही केलं होतं. तो लाल आकड्यांचा पट बाहेरच्या पारासमोर येतो, आणि पारावर दुपारी चारपाच म्हातारी माणसं असतातच.

मी आत श्वास रोखून उभा. बाहेरून आवाज आला, "आरं, अठ्ठ्याहत्तर लिटर कुनी घातलं ह्या टायमाला?"

दुसरा म्हणाला, "दूध न्हाय ते. हालतंय."

आणि मग तात्यांचा आवाज, शांत, समाधानी: "सेक्रेटरी, कॅनचं वजन वजा करा की!"

त्या दिवसापासून लपवण्यासारखं काही राहिलं नाही. सकाळचं शेवटचं दूध घेतलं की लोक घरी जाईनात. "व्हा उभं." मी उभा राहायचो, बाहेर आकडा वाचला जायचा, आणि गाव चहाला पांगायचं. "आज दोन पॉइंट उतरले." "ते आंघोळ केली न्हाय म्हनून." लोक सल्ले द्यायचे. मीही द्यायचो, हे आता सांगायला लाज वाटते. वजन उतरत नव्हतं, पण उपदेश करायला काय लागतं? मी सगळ्यांना सांगायचो, भाकरी धरा. "माझ्या घरची भाकरी बघा. पांढरीशुभ्र, लुसलुशीत. सकाळची संध्याकाळी खाल्ली तरी वातड नाही. पूर्वी मला भाकरी घशाखाली जायची नाही, आता दोनाच्या तीन खातो. भाकरीनं माणूस हलका होतो." एकानं तर माझं ऐकून चपाती सोडली. तो खरंच हलका झाला. त्याचं मला फार आश्चर्य वाटलं.

जत्रा आली. आदले दोन दिवस मी लिंबूपाण्यावर काढले. जत्रेच्या सकाळी शेवटचं वजन केलं: सत्त्याहत्तर पूर्णांक सहा. गूळ पंचाहत्तर. गुऱ्हाळ महिन्यापूर्वीच बंद झालेलं. गावातल्या दुकानांतला गूळ जत्रेच्या पुरणात गेलेला. मी मनाची समजूत घातली, की जुन्या लाकडी तराजूला दोनअडीच किलोचा फरक कळत नसेल. दुसऱ्या कुणी काट्याबद्दल असं म्हटलं असतं, तर मी त्याला सोसायटीतून बाहेर काढला असता.

इंदापूरच्या एका आडत्याकडून मोठा तराजू आणला होता. लिंबाच्या फांदीला तो टांगला, दोन्ही फळ्या रिकाम्या समतोल करून बघितल्या. आईला प्लॅस्टिकच्या खुर्चीत पुढं बसवलं होतं. नवं लुगडं, कपाळाला ठसठशीत कुंकू असायचं त्या जागी बुक्का, आणि खुर्चीखाली कापडी पिशवी. नारळ असतील असं मी समजलो. ती माझ्याकडं बघत नव्हती, फळीकडं बघत होती. तिचे हात मात्र एकमेकांत घट्ट धरलेले होते. ते बघून पहिल्यांदा मला भीती वाटली. तोपर्यंत मी गावापुढं कसा दिसेन एवढीच मला काळजी होती. ह्या बाईनं ह्या एका सकाळची सेहेचाळीस वर्षं वाट बघितली आहे, हे माझ्या तोवर ध्यानातच आलं नव्हतं.

मी मांडी घालून बसलो. पुजाऱ्यानं ढेपा चढवायला सुरुवात केली. एक, दोन, तीन. लोक मोजत होते. सहाव्या ढेपेला माझी फळी जमिनीवर, सातव्या ढेपेला जमिनीवर. पाचाची चढवली. फळी जराशी हलली, उचलल्यासारखी झाली, आणि पुन्हा टेकली. देवाचं पारडं वर, माझं खाली.

"गूळ संपला," पुजारी म्हणाला.

हलगी थांबली. आमच्याकडं तुलेत देवाचं पारडं झुकायला लागतं. ते वर राहिलं तर नवस फिटत नाही, उलट देवाची थट्टा होते.

"मोबाइल काढा सेक्रेटरी!" कुणीतरी ओरडलं. मोबाइल काढला. पट्टा काढला. घड्याळ काढलं. "चष्मा!" चष्मा दिला. खिशातला पावत्यांचा गठ्ठा निघाला. फळी जमिनीलाच. "हवा सोडा!" हे तात्या. मी शर्टाच्या गुंड्या सोडायला लागलो, आणि बायकांच्या घोळक्यातून हसण्याची लाट आली.

"थांब," आई म्हणाली. "कापडं काढू नगंस. तू काय किटली हायस व्हय, बारदाना वजा करायला?" आणि बायकोला म्हणाली, "सुनबाई, ती पिशवी दे त्यास्नी."

खुर्चीखालच्या पिशवीतून फडक्यात गुंडाळलेली ढेप निघाली. पाच किलोची. त्याच गुऱ्हाळाची, त्याच रंगाची. पुजाऱ्यानं ती फळीवर ठेवली, आणि मी जमिनीवरून अलगद उचललो गेलो. देवाचं पारडं चांगलं हातभर खाली गेलं. हलगी वाजायला लागली, भंडारा उडाला, आणि चष्म्याशिवाय मला आई धूसर दिसली. ती पदरानं तोंड पुसत होती. हसत होती की रडत होती ते चष्मा असता तरी कळलं नसतं.

रात्री पाय चेपताना तिला विचारलं, "आई, तुला कसं माहीत, कमी पडणार म्हणून?"

"काट्यावं बसनाऱ्याला काय कळतंय," ती म्हणाली आणि कुशीवर वळली. "झोप आता. फिटला नवस."

ह्यानंतरचा भाग सांगायला जीवावर येतो. जत्रा झाल्यावर मी सगळं सोडून दिलं. चालणं बंद. लग्नसराई होती, जेवणावळी झाल्या. पंधरावीस दिवसांनी लोकांच्या आग्रहाखातर काट्यावर उभा राहिलो. मग कुणीतरी वाचलं, "पंचाहत्तर पॉइंट नऊ." पुढच्या आठवड्यात पंचाहत्तर. बरोबर पंचाहत्तर, बारामतीच्या बाईंनी सांगितलेलं.

मी आजारी आहे अशी माझी खात्री झाली. त्या तंद्रीतच दुपारी जेवायला बसलो. भाकरीचा तुकडा मोडला, तो मोडेना.

"भाकरी आज अशी का झालीय?" मी बायकोला विचारलं. "आज कशाला, जत्रेपासून अशीच लागते. पूर्वीची कशी लुसलुशीत असायची."

बायकोनं आईकडं बघितलं. आईनं माझ्याकडं बघितलं नाही. "पान्याची हाय ती," ती म्हणाली.

"मग आधीची कशाची होती?"

उत्तराची गरज नव्हती. प्रश्न तोंडातून बाहेर पडत होता तेवढ्यात मला दिसलं. पांढरीशुभ्र. दिवसभर मऊ. वातड होत नाही. प्रवासाला निघणाऱ्याला आमच्याकडं दुधात पीठ भिजवून भाकरी करून देतात, तिला दशमी म्हणतात, हे शेंबड्या पोराला माहीत असतं. संक्रांतीपासून जत्रेपर्यंत मी दोन वेळा, तीन-तीन, घरच्या म्हशीच्या निरशा दुधातल्या दशम्या खाल्ल्या होत्या. साय न काढलेल्या. आणि गावाला सांगत हिंडलो होतो, की भाकरीनं माणूस हलका होतो.

दुधात पाणी घातलेलं मी वासावर ओळखतो. पाण्याच्या जागी दूध घातलेलं मला अडीच महिने ओळखता आलं नाही.

"सा किलो देवाचं गेलं ते गेलं," आई म्हणाली. "बाकीचं मी राखलं. आता काय वाळायचं ते वाळ." आणि भाजी वाढायला पुढं वाकली, तर गुडघ्यात कळ आली म्हणून तशीच बसून राहिली. भाजी मी वाढून घेतली. तिलाही वाढली.

त्या संध्याकाळी सोसायटीत नेहमीप्रमाणं तात्या आले. दूध घातलं, पावती घेतली, डोळ्यांजवळ धरली.

"सेक्रेटरी, मशीन चुकतीया तुमची."

माझ्या तोंडात 'वीस वर्षं' आलेलं होतं. ते तिथंच राहिलं. मी त्यांच्या हातातली पावती घेतली, नमुना पुन्हा नीट ढवळला आणि पुन्हा मशिनीत घातला. तीन पॉइंट जास्त आले. नवी पावती फाडून दिली.

तात्यांनी ती उलटीसुलटी करून बघितली. मग खिडकीतून आत वाकून माझ्याकडं निरखून बघितलं.

"बरं हाय न्हवं?" त्यांनी हळूच विचारलं. "लई वाळलाय तुमी, म्हनून इचारतोय."